छातीच्या स्कॅनसोबत पोटही पाहून घ्यावे काय?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

दक्षिण नागपुरात राहणारे हे वाचक ६२ वर्षांचे आहेत आणि एका सरकारी उपक्रमाच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आहेत. बाविसाव्या वर्षी लागलेली सिगारेट त्यांनी तीन वर्षांपूर्वी सोडली. तोपर्यंत दिवसाला सरासरी पंधरा सिगारेटी होत असत. तिशीच्या आत असताना त्यांना क्षयरोग झाला होता, तो औषधांचा पूर्ण कोर्स घेऊन बरा झाला. सध्या खोकला, दम लागणे किंवा वजन घटणे यांपैकी काहीही नाही. लीड्सला नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांना सांगितले की, इंग्लंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांच्या छातीचा स्कॅन करताना त्याच टेबलावर पोटाचाही स्कॅन काढण्याचा प्रयोग झाला आहे, तेव्हा बाबांनीही दोन्ही करून घ्यावेत. शहरातील एका केंद्राने 'छाती अधिक पोट' असे सवलतीचे पॅकेजही सुचवले आहे. पत्नीचा मात्र विरोध आहे. शेजारच्या गृहस्थांच्या पोटाच्या स्कॅनमध्ये एक गाठ दिसली, चार महिने ते या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरले आणि अखेर ती गाठ निरुपद्रवी निघाली. 'एकदा सगळे पाहून घेतले की निर्धास्त' असे मुलगा म्हणतो आणि 'नसते दुखणे उकरून काढू नका' असे पत्नी म्हणते. कोणाचे ऐकावे, असा या वाचकांचा प्रश्न आहे. जाता जाता ते लिहितात की, सिगारेट सुटल्यापासून दिवसाला दोन-तीन खर्रे (सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे घोटलेले मिश्रण) होतात, 'पण त्यात धूर नाही', आणि वयोमानाने हल्ली झणझणीत सावजी रस्सा सोसवत नाही, एरवी प्रकृती उत्तम आहे.

उत्तर:

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा प्रश्न समजून घेण्यासाठी वाचले आणि दुसऱ्यांदा त्यातील शेवटच्या दोन ओळींसाठी. त्या ओळींकडे मी थोड्या वेळाने येतो, कारण आधी तुम्ही जे विचारले आहे त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

पॅकेजच्या जाहिरातीत छाती आणि पोट एका दमात लिहिलेले असले, तरी वैद्यकीय पुराव्याच्या दृष्टीने हे दोन अगदी वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि पहिली गोष्ट म्हणजे ते तुम्ही मनात वेगळे करावेत. छातीच्या स्कॅनबाबत जगाकडे भक्कम उत्तर आहे. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, वर्षातून एकदा याप्रमाणे तीन वेळा किरणांच्या कमी मात्रेचा सीटी स्कॅन केलेल्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू साध्या एक्स-रेच्या गटापेक्षा २० टक्क्यांनी कमी झाले. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, त्यात पुरुषांमध्ये दहा वर्षांनंतर ही घट २४ टक्के होती. या पुराव्यावर आधारून अमेरिकेत २०२१ पासून ५० ते ८० वयाच्या अशा लोकांना दरवर्षी स्कॅनची शिफारस केली जाते, ज्यांचे धूम्रपान किमान २० 'पॅक-वर्षे' झाले आहे आणि जे अजून ओढतात किंवा ज्यांना सोडून पंधरा वर्षे झालेली नाहीत. इंग्लंडने ५५ ते ७४ या वयोगटातील धूम्रपान करणाऱ्यांसाठी आणि पूर्वी करणाऱ्यांसाठी अशीच योजना २०२३ मध्ये जाहीर केली.

पॅक-वर्षे हा हिशेब लेखा विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला अवघड नाही. रोज वीस सिगारेटींचे एक पाकीट एक वर्ष ओढले की एक पॅक-वर्ष होते. तुम्ही रोज पंधरा, म्हणजे पाऊण पाकीट, ३७ वर्षे ओढलेत; म्हणजे जवळपास २८ पॅक-वर्षे. अमेरिकी निकषात तुम्ही बसता. बिडी ओढणाऱ्या वाचकांना हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. बिडीत तंबाखू कमी असतो, म्हणून ती सौम्य, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात ती विझू नये म्हणून वारंवार आणि खोल झुरके घ्यावे लागतात आणि निकोटिन व डांबर फुप्फुसात मुबलक उतरते. बिडी ओढणाऱ्याने स्वतःला निकषाबाहेर समजू नये, डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

तेव्हा छातीचा स्कॅन तुमच्यासाठी विचार करण्याजोगा आहे. तरीही २० टक्के हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. त्या अमेरिकी चाचणीचाच हिशेब असा निघतो की, साधारण ३२० जणांचे स्कॅन केल्यावर एकाचा फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारा मृत्यू टळतो. उरलेल्या ३१९ जणांपैकी बहुतेकांना काहीच निघत नाही आणि काहींना उगाच धावपळ करावी लागते. तिथे ज्यांच्या स्कॅनमध्ये संशयास्पद काही दिसले, त्यांच्यापैकी ९६ टक्क्यांहून अधिक वेळा तो कर्करोग नव्हता. आपल्याकडे यात आणखी एक गुंतागुंत आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि बरा झालेला क्षय फुप्फुसात व्रण, चुन्याचे खडे आणि लहान गाठी मागे सोडून जातो. तुम्हाला तर तो होऊन गेलेला आहे. तुमच्या स्कॅनमध्ये काही ना काही दिसणार, हे मी आजच सांगतो, आणि ते जुने की नवे हे ठरवण्यासाठी तुमचे जुने एक्स-रे कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा उपयोगी पडतील. माळ्यावरच्या पेटीत ते असतील तर काढून ठेवा. क्षयाच्या वेळचा एक्स-रे आजच्या फिल्मशेजारी लावला आणि तोच ठिपका तिथेच दिसला, तर अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

आता पोटाकडे येऊ. तुमच्या मुलाने ऐकले ते खरे आहे. लीड्सच्या परिसरात फुप्फुस तपासणीचा एक मोठा प्रयोग चालू होता; स्कॅनचे यंत्र गाडीवर बसवून लोकांच्या वस्तीजवळ नेले जाई. त्याच प्रयोगाला जोडून ५५ ते ८० वयाच्या, धूम्रपान केलेल्या लोकांना मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी पोटाचाही स्कॅन देऊ केला गेला. ज्यांना विचारले त्यांच्यापैकी ९३ टक्के लोकांनी होकार दिला, म्हणजे ४,०१९ जणांनी. त्यांच्यापैकी ६४ टक्के लोकांचे स्कॅन निर्दोष होते. २० टक्के स्कॅन तज्ज्ञांना पुन्हा बारकाईने पाहावे लागले, पण पुढे काही करण्याची गरज पडली नाही. ५.३ टक्के लोकांना काहीतरी गंभीर आणि नवे निघाले. मूत्रपिंडाचा कर्करोग दहा जणांना निघाला, इतर कर्करोग आणखी दहा जणांना, आणि पोटातील महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीचा, फुगवटा ६० जणांना.

हे आकडे जरा थांबून पाहा. मूत्रपिंडासाठी निघालेल्या प्रयोगाला मूत्रपिंडाचा कर्करोग साधारण चारशे माणसांमागे एक या प्रमाणात सापडला आणि महाधमनीचा फुगवटा त्याच्या सहापट. याचे कारण उघड आहे. महाधमनी फुगण्यामागे धूम्रपान हे टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे कारण आहे. हा फुगवटा दुखत नाही, कळत नाही, आणि फुटला तर अनेकांना रुग्णालयापर्यंत पोहोचण्याइतकाही वेळ मिळत नाही. मात्र तो शोधण्यासाठी सीटी स्कॅन लागत नाही. साध्या सोनोग्राफीत तो दिसतो आणि मिलिमीटरमध्ये मोजताही येतो. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांच्या पुरुषांना याच कामासाठी सोनोग्राफीला बोलावले जाते आणि अमेरिकेत कधीही धूम्रपान केलेल्या ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांना ती एकदा करून घेण्याची शिफारस आहे. धमनीची रुंदी ३ सेंटिमीटरच्या आत असेल तर फुगवटा नाही असे धरतात. तीन ते साडेपाचच्या दरम्यान असेल तर ठरावीक अंतराने मोजत राहतात. पुरुषांत साडेपाचच्या आसपास गेली की शस्त्रक्रियेचा विचार होतो. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, आणि खर्च सीटीच्या मानाने किरकोळ आहे.

हा प्रयोग 'असे करणे जमते का, लोक येतात का, काय काय निघते' हे पाहण्यासाठी होता. पोटाचा स्कॅन जोडल्याने लोक अधिक जगतात का, या प्रश्नाचे उत्तर त्याने दिलेले नाही, आणि छातीच्या स्कॅनला जे दोन मोठ्या चाचण्यांचे पाठबळ आहे तसे पोटाच्या स्कॅनला नाही. 'तिकडे करतात' या वाक्यात 'तिकडे करून पाहिले' एवढाच अर्थ आहे, हे मुलाला प्रेमाने सांगावे.

मुलाच्या दुसऱ्या वाक्यात अडचण 'सगळे' या शब्दात आहे. तपासणीसाठी काढलेला पोटाचा स्कॅन शिरेत औषध न टोचता काढलेला असतो. त्यात मूत्रपिंडाची बऱ्यापैकी मोठी गाठ, खडा, महाधमनी ही चांगली दिसतात. परंतु स्वादुपिंडातील किंवा यकृतातील लहान गाठ अशा स्कॅनमध्ये सहज निसटते आणि जठराच्या व मूत्राशयाच्या आतील अस्तराबद्दल तो फारसे काही सांगू शकत नाही. धूम्रपानाने मूत्राशयाचा, स्वादुपिंडाचा आणि जठराचाही कर्करोग होतो. म्हणजे निर्दोष अहवाल हातात घेऊन निर्धास्त झालेला माणूस ज्या अवयवांबाबत निर्धास्त झाला, त्यांतले निम्मे पाहिलेच गेलेले नसतात. मला अशा निर्धास्तपणाची भीती अधिक वाटते, कारण मग लघवीत एकदा रक्त दिसले तरी 'स्कॅन तर नॉर्मल होता' म्हणून माणूस सहा महिने गप्प बसतो.

आणखी एक गृहीतक तुमच्या घरात सगळ्यांनीच मान्य केलेले दिसते, ते म्हणजे लवकर सापडले की जीव वाचलाच. पुष्कळदा ते खरे असते. मूत्रपिंडाचा कर्करोग लहान असताना कोणतेही लक्षण देत नाही आणि लहान असतानाच सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता फार चांगली असते. म्हणून तर लीड्सच्या डॉक्टरांनी हा खटाटोप केला. पण चार सेंटिमीटरपेक्षा लहान अशा मूत्रपिंडाच्या गाठींपैकी साधारण पाचांतील एक काढल्यावर साधीच निघते आणि काही खऱ्या कर्करोगाच्या गाठीही इतक्या संथ वाढतात की वयस्कर माणसाला त्यांचा उपद्रव होण्याआधी त्याचे आयुष्य पुरे होते. अशा गाठी सापडणे म्हणजे वाचणे नव्हे. दक्षिण कोरियात गळ्याच्या सोनोग्राफीची लाट आली, तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचे निदान पंधरापट झाले आणि त्या रोगाने मरणाऱ्यांची संख्या होती तिथेच राहिली. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, त्यांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या. पोटाच्या बाबतीत असेच होईल असे मी म्हणत नाही. शोधणे आणि वाचवणे यांच्यात किती अंतर असू शकते, ते यावरून कळावे.

आता तुमच्या पत्नीचे म्हणणे. शेजाऱ्यांची गोष्ट ही अपवादात्मक नाही. पन्नाशीनंतर मूत्रपिंडात पाण्याच्या पिशव्या, म्हणजे साधे सिस्ट, सर्रास आढळतात. मूत्रपिंडाच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीत सीटीमध्ये शंभरातील चार-पाच जणांना लहान गाठ दिसते आणि त्यांतल्या बहुसंख्य निरुपद्रवी असतात. तरीही माझ्या मते त्या गृहस्थांचे चार महिने स्कॅनने खाल्ले नाहीत. 'ही गाठ अशी आहे, एवढे दोन रक्ताचे तपास करा, सहा महिन्यांनी एकदा पाहू, बाकी घरी जा' असे सांगणारा एक माणूस त्यांना मिळाला नाही, म्हणून ते फिरत राहिले. लीड्सच्या आकड्यांतील ते २० टक्के पुन्हा आठवा. आठशेच्या आसपास माणसांचे स्कॅन तज्ज्ञांनी पुन्हा पाहिले आणि तिथेच फाइल बंद केली. त्या प्रयोगातील खरी मेहनत टेबलावर झालीच नाही, टेबलामागच्या खोलीत झाली. कोणती गाठ सोडून द्यायची, कोणती किती महिन्यांनी पाहायची आणि रुग्णाला कोणी कळवायचे, हे पहिला माणूस यंत्रात जाण्याआधी ठरलेले होते. आपल्याकडे पॅकेजमध्ये यंत्र मिळते, ती खोली मिळत नाही. रेडिऑलॉजिस्ट अहवालाखाली 'क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक', म्हणजे रुग्णाला तपासून त्याच्याशी हा अहवाल ताडून पाहावा, असे लिहितो, आणि ते कोणी करायचे हे ठरलेले नसल्यामुळे धंतोली ते रामदासपेठ अशी पायपीट सुरू होते. अनेक वर्षे असे अहवाल हातात घेऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत. तो कागद त्यांना रोगापेक्षा अधिक छळतो.

म्हणून पत्नीची भीती रास्त असली तरी तिचा निष्कर्ष मला पूर्ण मान्य नाही. स्कॅन करूच नये असे नाही. स्कॅननंतरचा माणूस आधी ठरवावा आणि मग स्कॅन करावा.

तुमच्या बाबतीत मी काय करीन ते स्पष्ट सांगतो, अंतिम निर्णय तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा. पॅकेजची तारीख घेण्यापूर्वी एका छातीरोगतज्ज्ञाकडे जावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला आपण नुसते मेडिकल म्हणतो, तिथे किंवा मिहानमधील एम्समध्ये हा विभाग आहे, खासगी डॉक्टरांवर विश्वास असेल तर तेही चालतील. जुने एक्स-रे आणि क्षयाच्या उपचाराचे कागद सोबत न्यावेत. त्यांना सांगावे की, मी कमी मात्रेचा छातीचा स्कॅन करण्याचा विचार करतो आहे, त्यात काही निघाले तर पुढचे तुम्ही पाहाल का. त्यांनी होकार दिला तर स्कॅन जरूर करा. हे एकदाच करून संपत नाही, फायदा दरवर्षी करण्यात आहे, हेही लक्षात ठेवा. आणि काही निघाल्यास शस्त्रक्रिया करून घेण्याची आपली तयारी आणि प्रकृती आहे का, याचा विचार आधीच करा. ज्यांना हृदयाच्या किंवा श्वासाच्या गंभीर विकारामुळे शस्त्रक्रिया झेपणारच नाही, त्यांनी अशा तपासणीच्या वाटेला जाऊ नये.

केंद्रात फोन करताना 'लो डोस' स्कॅन आहे ना, एवढे नक्की विचारा. या स्कॅनची किरणांची मात्रा सुमारे दीड मिलिसिव्हर्ट असते. नेहमीचा छातीचा सीटी त्याच्या कित्येक पट आणि पोटाचा नेहमीचा सीटी साधारण आठ ते दहा मिलिसिव्हर्टपर्यंत जातो. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यावरून तुलना करता येईल. 'त्याच टेबलावर तर आहे, पोट जवळपास फुकटातच' हे म्हणणे खिशाच्या दृष्टीने खरे असेलही, शरीराच्या दृष्टीने नाही. अहवालात ६ मिलिमीटरपेक्षा लहान घट्ट गाठ लिहिलेली असली तर बहुधा पुढच्या वर्षीच्या स्कॅनपर्यंत थांबायचे असते. ती वाचून त्याच रात्री मुंबईचे तिकीट काढू नका. छातीच्या स्कॅनच्या खालच्या भागात यकृताचा माथा, ॲड्रिनल ग्रंथी आणि मूत्रपिंडांची टोके आपोआप येतात, त्यामुळे पोटाचा स्कॅन न घेताही पोटाबद्दल एखादी ओळ अहवालात येऊ शकते, याचीही तयारी असू द्या.

पोटाचा सीटी स्कॅन मी तुमच्यासाठी आज सुचवणार नाही. त्याऐवजी पोटाची सोनोग्राफी करा, आणि चिठ्ठीवर 'महाधमनीची रुंदी मोजावी, दोन्ही मूत्रपिंडे पाहावीत' असे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या, कारण न लिहिल्यास महाधमनी मोजली जातेच असे नाही. तुम्ही ६२ वर्षांचे आहात, पासष्टीपर्यंत थांबलात तरी शिफारशींत बसेल; पण सदतीस वर्षे ओढलेल्या माणसाने तीन वर्षे आधी मोजून घेतली तर काही बिघडत नाही. तुमचे वडील किंवा भाऊ यांपैकी कोणाला असा फुगवटा असल्याचे किंवा पोटात-पाठीत दुखून अचानक गेल्याचे आठवत असेल तर मात्र थांबूच नका. सोबत रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) आणि लघवीची साधी तपासणी करावी. लघवीत डोळ्यांना न दिसणारे रक्त असेल तर ते या साध्या तपासणीत कळू शकते.

हे सारे ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यासाठी. ज्या वाचकांना लघवीतून एकदाही रक्त गेले आहे, तीन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, थुंकीत रक्त आहे, आवाज बसला आहे किंवा कारण नसताना वजन उतरले आहे, त्यांनी स्क्रीनिंग, पॅकेज हे शब्द विसरून सरळ डॉक्टर गाठावेत. तो प्रश्नच वेगळा आहे. तसेच ज्यांनी कधीच धूम्रपान केलेले नाही, त्यांनी शेजाऱ्याने केला म्हणून स्कॅन करून घेऊ नये.

आता तुमच्या शेवटच्या दोन ओळी.

तुमच्या घरात तीन माणसे दोन महिने फुप्फुस आणि मूत्रपिंड यांवर वाद घालत आहेत, आणि तंबाखू मात्र या अवधीत रोज दोन-तीनदा तुमच्या गालात बसून आहे. खर्ऱ्यात धूर नाही हे खरे. त्यात सुपारी आहे, तंबाखू आहे, चुना आहे, आणि पानठेल्यावर पन्नीत घोटून ते तिन्ही एकजीव केलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने चघळण्याच्या तंबाखूला आणि नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. चघळण्याच्या तंबाखूने तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो. म्हणजे पोटातला जो अवयव तुमच्या पॅकेजच्या स्कॅनमध्ये नीट दिसणार नाही, त्यालाच तुम्ही रोज खुराक देत आहात. सिगारेट सोडलीत हे मोठेच काम केलेत. सोडल्यावर दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या साधारण निम्म्यावर येतो, आणि त्यांतली तीन वर्षे तुमच्या पदरात पडली आहेत. पण तंबाखू सुटलेला नाही, त्याने फक्त दार बदलले आहे.

आणि सावजी सोसवत नाही, हे तुम्ही वयाच्या खात्यावर टाकले आहे. तुम्ही हिशेबनीस आहात, खाते चुकले असेल तर तुम्हीच दुरुस्त कराल. वयाने पचन मंदावते, पोटात जळजळते, रात्री झोप येत नाही. तिखटाचा घास तोंडात ठेवताच गाल आणि जीभ भाजल्यासारखी होते, ते मात्र वयाने होत नाही. तुम्हाला यांतले कोणते होते, ते पत्रात लिहिलेले नाही. दुसरे होत असेल तर सुपारी खाणाऱ्यांच्या तोंडात गालाचे अस्तर कडक आणि पांढुरके होत जाण्याचा जो विकार होतो, त्याची ती पहिली तक्रार असू शकते. पुढे तोंड उघडणे कमी होत जाते. हा विकार कर्करोग नाही, पण काही जणांत त्याचे रूपांतर कर्करोगात होते, आणि विदर्भात तोंडाचे डॉक्टर तो रोज पाहतात. छातीचा किंवा पोटाचा कोणताही स्कॅन तो दाखवणार नाही. तो दिसतो उजेडात, आरशात आणि दंतवैद्याच्या बोटाला.

गंमत अशी की, आपल्या देशात तपासणीने जीव वाचतात याचा उत्तम पुरावा याच साध्या गोष्टीचा आहे. केरळात झालेल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली, आणि तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्र लागले नाही, टेबल लागले नाही. शासनाच्या कार्यक्रमातही तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी आरोग्य केंद्रात करण्याची तरतूद आहे. पण तिला पॅकेज नाही आणि सवलतही नाही, म्हणून तिची जाहिरात कोणी करत नाही.

तेव्हा क्रम बदला. या आठवड्यात मेडिकलच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात किंवा तुमच्या नेहमीच्या दंतवैद्याकडे जाऊन 'मी खर्रा खातो, तोंड तपासा' एवढेच सांगा. खर्रा खाण्याची बाजू कोणती, हेही सांगा. खर्रा सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे आणि अनेक दंत महाविद्यालयांत त्यासाठी स्वतंत्र केंद्र असते. निकोटिनचे च्युइंगगम घ्यायचे तर तोंडाची तपासणी झाल्यावर, डॉक्टरांना विचारून घ्यावे. तोंड भाजत असताना ते त्रास देईल. त्यानंतरच्या आठवड्यात छातीरोगतज्ज्ञ, मग छातीचा स्कॅन आणि सोनोग्राफी. मुलाला हा क्रम कळवा, आणि त्याने स्कॅनसाठी पैसे पाठवले असतील तर त्यांतले बरेच उरतील हेही कळवा. पत्नीला मात्र सोबत न्या. ज्या बाईने शेजाऱ्याचे चार महिने मोजले, ती अहवालावर दोन प्रश्न अधिक विचारील.

आणि एक गोष्ट उद्या सकाळीच करा. दात घासून झाल्यावर आरशासमोर उभे राहून तोंड जितके उघडते तितके उघडा आणि वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून पाहा. दोन्ही गाल बाहेर ओढून आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, तेही उजेडात पाहा. तीन बोटे सहज गेली, तरी दंतवैद्याकडे जायचेच आहे. दोनच गेली, तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी जा, आणि काय निघाले ते मला कळवा.